'बुल' मालिका आणि ज्युरीचं मानसशास्त्र: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोर्टाच्या मालिका बघणाऱ्या मंडळींमध्ये 'बुल'चा विषय निघाला की ठरावीक प्रश्न येतातच. हे खरंच असं असतं का? माणसाचे बूट बघून त्याचा निकाल कळतो का? आणि आपल्याकडे ज्युरी, म्हणजे खटला ऐकून निकाल देणारी सामान्य नागरिकांची मंडळी, का नाही? त्यांची उत्तरं इथे एका ठिकाणी लिहून ठेवली आहेत. कुठल्याही भागाचा शेवट फोडलेला नाही, तेव्हा मालिका बघितली नसली तरी बेधडक वाचा.

'बुल' नेमकी कशाबद्दल आहे?

डॉ. जेसन बुल हा मानसशास्त्रज्ञ न्यूयॉर्कमध्ये 'ट्रायल अ‍ॅनालिसिस कॉर्पोरेशन' नावाची कंपनी चालवतो. गिऱ्हाईक म्हणजे ज्याच्यावर खटला चालू आहे तो, किंवा ज्याने दुसऱ्यावर दावा लावला आहे तो. बुल आणि त्याची माणसं ज्युरीत बसणाऱ्या लोकांची अक्षरशः कुंडली काढतात. कोण काय वाचतो, कोणाचं आईशी पटत नाही, कोणाला श्रीमंतांचा राग आहे, सगळं. मग त्या माहितीवर ठरतं की आरोपीने कोर्टात कुठला शर्ट घालायचा, वकिलाने कुठला शब्द टाळायचा आणि कुठला साक्षीदार आधी आणायचा.

अमेरिकेतल्या सीबीएस वाहिनीवर ही मालिका २० सप्टेंबर २०१६ ला सुरू झाली आणि २६ मे २०२२ ला संपली. सहा सीझन झाले. बुलचं काम मायकेल वेदरलीने केलंय. 'एनसीआयएस' या मालिकेतला टोनी डिनोझो म्हणून त्याला आधीपासून ओळखणारे बरेच आहेत. त्यांना पहिले दोन-तीन भाग जड जातात, कारण तो थट्टेखोर टोनी इथे चष्मा लावून गंभीर चेहऱ्याने भाषणं देत असतो.

बुल वकील आहे का? मग तो कोर्टात बोलतो कसा?

वकील नाही, आणि कोर्टात तो (बहुतेक वेळा) बोलतही नाही. तो वकिलाच्या मागे बसून चिठ्ठ्या सरकवतो, भुवया उंचावतो. बोलायचं काम बेनी कोलोनचं. हा बेनी बुलच्या घटस्फोटित बायकोचा सख्खा भाऊ. घटस्फोटानंतर माजी मेहुण्याबरोबर ऑफिस थाटणं ही गोष्ट आपल्याकडच्या मालिकेत निदान दोनशे भाग पुरली असती. इथे तिचा उल्लेख येता-जाता होतो.

बाकी मंडळींत मरिसा (ऑफिसचा सगळा कारभार खरं तर तिच्याच हातात), पूर्वी एफबीआयमध्ये असलेली डॅनी, संगणकातून काहीही उकरून काढणारी केबल, आणि चंक पामर. चंक पूर्वीचा फुटबॉलपटू आणि आता अशिलांचा वेशभूषाकार. माझ्या मते सगळ्यात रंजक काम त्याचंच. खुनाचा आरोप असलेल्या पोराला कोणता कोट शोभेल याचा विचार करण्यासाठी पगार मिळतो हेच मला आधी पटेना. पण नानावटी खटला आठवला आणि पटलं. त्याबद्दल पुढे येईलच.

हे पात्र खऱ्या माणसावर बेतलंय का?

हो. टीव्हीवरचे 'डॉ. फिल' म्हणजे फिल मॅग्रॉ यांच्या सुरुवातीच्या कारकिर्दीवर. पॉल अ‍ॅटनासिओ यांच्याबरोबर मालिकेचे निर्माते म्हणून त्यांचंही नाव आहे. टीव्हीवर लोकांचे संसार सावरायला बसण्याआधी त्यांची टेक्सासमध्ये 'कोर्टरूम सायन्सेस' नावाची कंपनी होती आणि तिचा धंदा हाच होता.

त्यातला गाजलेला खटला टीव्हीवरच्या प्रसिद्ध सूत्रसंचालिका ओप्रा विन्फ्रे यांचा. एप्रिल १९९६ मध्ये ओप्रांच्या कार्यक्रमात गायींना होणाऱ्या 'मॅड काऊ' रोगावर चर्चा झाली. आता आपल्याला यापुढे बर्गर खाववणार नाही, अशा अर्थाचं त्या बोलून गेल्या. जनावरांचे भाव पडले आणि टेक्सासच्या गोपालकांनी लाखो डॉलरच्या भरपाईचा दावा ठोकला. खटला उभा राहिला अ‍ॅमरिलो गावात. हे गावच गुरांच्या धंद्यावर जगणारं. म्हणजे ऊसदरावरून कारखान्याशी भांडण आणि पंच सगळे कारखान्याचे सभासद, असा प्रकार.

ओप्रांनी काय केलं, तर खटला चालू असेपर्यंत आपला कार्यक्रमच अ‍ॅमरिलोला नेला. दिवसा कोर्ट, मग तिथल्याच प्रेक्षकांसमोर चित्रीकरण. मॅग्रॉ सल्लागार म्हणून सोबत होते. मधल्या काळात न्यायाधीशांनी, नाशवंत खाद्यपदार्थांच्या बदनामीविरुद्धचा टेक्सासचा खास कायदा इथे लागू होत नाही असं ठरवून दाव्याचा मोठा भाग आधीच कापून टाकला होता. फेब्रुवारी १९९८ मध्ये ज्युरीने ओप्रांच्या बाजूने कौल दिला. आता यात श्रेय कोणाचं? सल्लागाराचं, कार्यक्रमाचं, की न्यायाधीशांच्या त्या निर्णयाचं? मालिका अर्थातच सल्लागाराला देते. मॅग्रॉ मात्र त्यानंतर ओप्रांच्या कार्यक्रमात नियमित दिसू लागले आणि २००२ मध्ये त्यांचा स्वतःचा कार्यक्रम सुरू झाला.

ज्युरी 'निवडतात' म्हणजे काय करतात?

मालिका समजून घ्यायची तर एवढी एक गोष्ट नीट कळायला हवी: अमेरिकेत ज्युरी निवडत नाहीत, वगळत वगळत उरवतात. मतदारयाद्यांसारख्या याद्यांमधून चिठ्ठी काढल्यासारखी नावं निघतात, माणसं कोर्टात येऊन बसतात आणि त्यांना प्रश्न विचारले जातात. तुमच्या घरात पोलीस खात्यात कोणी आहे का? तुमच्यावर कधी दरोडा पडला होता का? एखाद्याचा पूर्वग्रह उघड दिसला तर न्यायाधीश त्याला घरी पाठवतात, आणि अशा नकारांना मर्यादा नसते.

त्याशिवाय प्रत्येक पक्षाला ठरावीक संख्येने माणसं कारण न सांगता नाकारता येतात. संघराज्याच्या न्यायालयात गंभीर गुन्ह्याचा खटला असेल तर बचाव पक्षाला असे १० नकार मिळतात, सरकारी पक्षाला ६. देहदंडाचा खटला असेल तर दोघांनाही २०-२०. बुलसारख्या सल्लागाराची खरी कमाई या दहा-वीस नकारांमध्ये असते. आपल्या बाजूची माणसं तो आणू शकत नाही. डोईजड होतील अशी माणसं फक्त दारातून परत पाठवू शकतो.

आणि फौजदारी खटल्यात निकाल एकमताने लागतो. बारा जणांपैकी एक जरी अडून बसला तरी निकाल लागत नाही. म्हणून सगळी नजर त्या एकावर. भागामागून भाग बुल कधी त्या एकाला शोधत असतो, कधी टाळत असतो.

ती 'मिरर ज्युरी' खरोखर असते का?

मालिकेत बुल प्रत्येक ज्युरी सदस्याशी शेकडो बाबतीत जुळणारा एक-एक माणूस शोधून आणतो, ऑफिसातल्या खोट्या कोर्टात बसवतो आणि त्यांच्या मतावरून खऱ्या ज्युरीचं मत ओळखतो. भिंतीवरच्या पडद्यावर चेहरे लाल-हिरवे (लाल म्हणजे विरोधात, हिरवे म्हणजे बाजूने) होत राहतात. बघायला झकास, पण इतकं तंतोतंत जुळवलेलं प्रत्यक्षात कोणी करत नाही.

खऱ्या धंद्यात याच्या दोन साध्या आवृत्त्या आहेत. एक, खटल्याआधी त्या भागातली सामान्य माणसं पैसे देऊन बोलवायची, दोन्ही बाजू थोडक्यात ऐकवायच्या आणि ती आपसात काय वाद घालतात ते काचेआडून बघायचं. दुसरी, 'शॅडो ज्युरी'. खऱ्या ज्युरीसारख्या दिसणाऱ्या वयाची-शिक्षणाची माणसं रोज प्रेक्षकांत बसवायची आणि संध्याकाळी त्यांना विचारायचं, आज काय पटलं, कुठे डुलकी लागली. त्यांना आपण कोणत्या पक्षासाठी बसलोय हे शक्यतो कळू देत नाहीत, नाहीतर पैसे देणाऱ्याला आवडेल तेच बोलतील.

पहिल्या प्रकारातून निकालाचा अंदाज कमी आणि गोष्टीतली भोकं जास्त सापडतात. तुम्हाला वाटत असतं आपला मुख्य मुद्दा करारातलं चौथं कलम आहे, आणि समोरची दहाही माणसं विचारत असतात, 'पण त्याने दुसऱ्या दिवशी फोन का नाही केला?' वकिलाला जे कळण्यासारखं नसतं ते हेच.

चेहऱ्यावरून खोटं ओळखता येतं का?

नाही. निदान मालिकेत दाखवतात तसं नाही. माणसं खोटं किती ओळखतात यावरचे शेकडो प्रयोग एकत्र करून बाँड आणि डीपॉलो यांनी २००६ मध्ये सरासरी काढली, ती ५४ टक्क्यांच्या आसपास आली. नाणं उडवलं तरी ५० मिळतात.

मग कशाने फरक पडतो?

दोन गोष्टींबद्दल बऱ्यापैकी ठोस सांगता येतं.

पहिली, गोष्ट. ज्युरीतली माणसं पुरावे तराजूत टाकत बसत नाहीत, ती ऐकता ऐकता एक कथा रचतात आणि कथेत न बसणारा पुरावा बाजूला सारतात. नॅन्सी पेनिंग्टन आणि रीड हेस्टी यांनी १९८८ मध्ये छापलेल्या प्रयोगात खुनाच्या एकाच खटल्याचा तोच पुरावा लोकांना वेगवेगळ्या क्रमाने ऐकवला. सरकारी बाजू घडलं त्या क्रमाने, गोष्टीसारखी, आणि बचावाची बाजू साक्षीदारांच्या येण्याच्या क्रमाने, म्हणजे विस्कळीत ठेवली, तेव्हा ७८ टक्क्यांनी 'दोषी' म्हटलं. क्रम उलटा केला, बचावाची गोष्ट सलग आणि सरकारची तुटक, तेव्हा ३१ टक्क्यांनी. पुराव्यातला एक शब्द बदलला नव्हता. मालिकेतले सगळे लाल-हिरवे चौकोन एका बाजूला आणि हा एक प्रयोग दुसऱ्या बाजूला ठेवला तर मी डोळे झाकून प्रयोग उचलेन.

दुसरी, पहिला आकडा. हे समजायला अमेरिकेला जायची गरज नाही, तुळशीबाग पुरे. मागच्या दिवाळीत एका दुकानात पर्स बघत होते. दुकानदाराने ती हातात झेलत, न विचारताच सांगितलं, 'आठशेची आहे ताई, बोहनीचा टाईम आहे, तुम्ही बोला.' मी मोठा विचार केल्यासारखं करून साडेचारशेला घेतली आणि विजयी चेहऱ्याने बाहेर पडले. चार दुकानं पुढे तीच पर्स दोनशे ऐंशीला टांगलेली. मला साडेचारशे स्वस्त का वाटले? कारण आठशे आधी कानावर पडले होते.

आमोस ट्व्हर्स्की आणि डॅनियल कानेमन यांनी १९७४ मध्ये हेच मांडलं. लोकांसमोर आकड्यांचं चक्र फिरवलं, ते मुद्दाम १० वर किंवा ६५ वर थांबेल असं केलेलं. मग विचारलं, संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकी देश किती टक्के? दहा पाहिलेल्यांचा मधला अंदाज २५, पासष्ट पाहिलेल्यांचा ४५. चक्राचा आणि आफ्रिकेचा काडीचाही संबंध नाही हे सगळ्यांना दिसत होतं. नुकसानभरपाईच्या खटल्यांवर झालेल्या प्रयोगांतही हेच निघालं: जास्त मागितलं की जास्त मिळतं. बुल दोन-तीन भागांत हाच डाव टाकल्यासारखा वागतो, पण त्याला नाव मात्र भारी काहीतरी देतो.

आणि हो, पुरावाच मुळात एकतर्फी असेल तर यातलं फारसं काही चालत नाही. शिकागो विद्यापीठाच्या हॅरी काल्व्हेन आणि हान्स झायझेल यांनी १९५०च्या दशकात साडेतीन हजारांवर खटल्यांबद्दल न्यायाधीशांना विचारलं होतं: ज्युरी नसती तर तुम्ही काय निकाल दिला असता? सुमारे ७८ टक्के खटल्यांत उत्तर ज्युरीच्याच निकालाशी जुळलं. म्हणजे डावपेचांना जागा उरते ती दोन्ही पारडी सारखी असतात तिथे. मालिका दर आठवड्याला नेमका तसाच खटला आणते.

हा धंदा सुरू कसा झाला?

पैशासाठी नाही, हे ऐकून गंमत वाटेल. १९७२ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या हॅरिसबर्ग इथे व्हिएतनाम युद्धाला विरोध करणाऱ्या सात जणांवर खटला चालला. त्यांत कॅथलिक धर्मगुरू होते. आरोप होता राष्ट्राध्यक्षांचे सल्लागार हेन्री किसिंजर यांना पळवून नेण्याचा आणि वॉशिंग्टनमधले भूमिगत तापनलिकांचे बोगदे उडवण्याचा कट केल्याचा. परिसर पक्का सरकारधार्जिणा. जे शुलमन हे समाजशास्त्रज्ञ आणि त्यांचे साथीदार बचाव पक्षाच्या मदतीला फुकट उतरले. त्यांनी त्या भागातल्या आठशेहून अधिक लोकांना फोन केले, त्यातल्या अडीचशेच्या आसपास लोकांशी सविस्तर बोलले.

हाती आलेली माहिती वकिलांच्या अंदाजाला छेद देणारी होती. शिकलेली माणसं युद्धविरोधकांकडे झुकतील असं वकिलांना वाटत होतं. त्या भागात उलट निघालं, म्हणून शिकलेल्यांना टाळायचं ठरलं. निकाल? ज्युरी १०-२ अशी अडकली, बहुमत सोडून द्यायच्या बाजूने. मुख्य आरोप टिकला नाही. यातली खरी मेख पुढे आहे: अडून बसलेल्या त्या दोघांत एक बाई अशा होत्या की ज्यांची चार मुलं युद्धावर जायला तत्त्वतः नकार देणारी होती. बचाव पक्षाने त्यांना आपलं मानून ठेवून घेतलं होतं.

हा प्रसंग कुठल्याच भागात नाही. असायला हवा होता.

ओ. जे. सिम्पसनच्या खटल्यातही सल्लागार होते म्हणतात, खरं का?

हो. सिम्पसन हा अमेरिकेतला माजी फुटबॉलपटू, घटस्फोटित पत्नीच्या खुनाचा आरोप असलेला. सल्लागार दोन्ही बाजूंना मिळाले होते. बचाव पक्षाने जो-एलन डिमिट्रियस यांचं ऐकलं. सरकारी पक्षाला डॉन व्हिन्सन यांनी चाचण्यांवरून सांगितलं होतं की कृष्णवर्णीय स्त्रिया सिम्पसनकडे सहानुभूतीने बघतायत. सरकारी वकील मार्सिया क्लार्क यांचा स्वतःच्या अनुभवावर भरवसा होता, त्यांनी सल्ला बाजूला ठेवला. ३ ऑक्टोबर १९९५ ला सिम्पसन सुटला. ज्युरीत बहुसंख्य कृष्णवर्णीय स्त्रिया होत्या. सल्ल्यामुळेच निकाल फिरला असता असं म्हणणं धाडसाचं होईल. पोलिसांच्या तपासातले घोळही काही कमी नव्हते.

हे सगळं कायदेशीर आहे?

सल्ला देणं कायदेशीर आहे. अमेरिकेत अशा सल्लागारांची संघटनाही १९८२ पासून आहे, पण परवाना लागत नाही. उद्या तुम्ही पाटी लावलीत तरी चालेल. निवडलेल्या ज्युरीतल्या माणसाशी खटला चालू असताना संपर्क करणं मात्र गुन्हा. मालिकेतली मंडळी लोकांच्या खासगी माहितीत ज्या सहजतेने घुसतात, तसं प्रत्यक्षात केलं तर बुलला स्वतःसाठीच वकील बघावा लागेल.

कारण न सांगता नाकारायच्या अधिकारालाही हळूहळू वेसण बसली. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये वंशावरून आणि १९९४ मध्ये स्त्री-पुरुष भेदावरून नाकारायला बंदी केली. अ‍ॅरिझोना राज्याने १ जानेवारी २०२२ पासून हा अधिकारच काढून टाकला. इंग्लंडने तर १९८८ मध्येच काढला, म्हणून तिकडच्या कोर्टाच्या मालिकांत बुल नसतो.

योग्य आहे का, हा वेगळा प्रश्न. हॅरिसबर्गमध्ये हे हत्यार सरकारशी भांडणाऱ्यांच्या हातात होतं. आता ज्याच्या खिशात पैसा त्याच्या हातात आहे. मालिका अधूनमधून बुलकडून गरिबाचा खटला फुकट लढवून घेते आणि ही बोच बोथट करते.

मालिकेच्या सेटवरचा वाद काय होता?

एलायझा डुश्कू ही अभिनेत्री पहिल्या सीझनच्या शेवटच्या काही भागांत वकील म्हणून आली होती आणि पुढे तिला कायम ठेवायचं ठरत होतं. वेदरलीच्या शेरेबाजीबद्दल तिने तक्रार केली, त्यानंतर तिला काढलं गेलं. सीबीएसने तिच्याशी ९५ लाख डॉलरची तडजोड केल्याचं डिसेंबर २०१८ मध्ये वर्तमानपत्रांतून बाहेर आलं. वेदरलीने माफी मागितली. मालिका चालूच राहिली, निर्मितीत असलेली स्टीव्हन स्पीलबर्गची कंपनी मात्र २०१९ मध्ये तीतून बाहेर पडली. माणसांच्या वागण्याबद्दल दर आठवड्याला प्रवचन देणारी ही मालिका. हे कळल्यानंतर ती प्रवचनं ऐकताना माझं तरी मन पूर्वीसारखं लागलं नाही.

सगळे सीझन बघावेत का?

पहिला बघा, दुसरा चवीपुरता. पुढे मानसशास्त्र मागे पडतं आणि नेहमीची कोर्टमालिका उरते. भाग सुटे आहेत, मधूनच कुठूनही लावले तरी बिघडत नाही.

आपल्याकडे बुलसारखं कोणी का नाही?

कारण पटवायला बारा सामान्य माणसंच नाहीत. आपला फौजदारी निकाल न्यायाधीश देतात, कारणांसकट, लेखी. पण नेहमी असं नव्हतं. ज्युरी आपल्या इथेही होती आणि ज्युरीत कोण बसलंय यावर सगळं ठरतं हे मराठी माणसाला बुलच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे.

लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला १८९७ मध्ये मुंबई हायकोर्टात चालला. ज्युरीत नऊ जण: सहा युरोपियन, तीन हिंदी. कौल ६-३ ने 'दोषी'. १९०८ मध्ये 'केसरी'तल्या 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या लेखांवरून पुन्हा खटला. या वेळी सात युरोपियन आणि दोन पारशी. कौल ७-२ ने पुन्हा 'दोषी'. लेख मराठीत, ज्युरीसमोर त्यांचं इंग्रजी भाषांतर. टिळकांनी स्वतः उभं राहून कित्येक दिवस मिळून एकवीस तासांच्या आसपास भाषण केलं, भाषांतरात शब्द कसे जहाल झालेत ते एकेक करून दाखवलं. २२ जुलैला न्यायमूर्ती दावर यांनी रात्रीपर्यंत कोर्ट चालवलं आणि सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. तिथे कोणाचे चेहरे लाल होणार आणि कोणाचे हिरवे, हे सांगायला पडद्याची गरज नव्हती. अमेरिकेसारखी एकमताची अट असती तर 'दोषी' हा निकाल अडवायला ते दोन पारशी पुरले असते.

आणि नानावटी खटल्यामुळे ज्युरी बंद झाली, बरोबर ना?

अर्धं बरोबर. २७ एप्रिल १९५९ ला नौदलाचे कमांडर कावस नानावटी यांनी पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याला मुंबईत त्याच्या घरी गोळ्या घातल्या आणि स्वतः पोलिसांत हजर झाले. सेशन्स कोर्टात नानावटी पांढऱ्याशुभ्र गणवेशात यायचे. (चंक पामरचं काम इथे नौदलाने करून ठेवलं होतं.) बाहेर गर्दी, आणि करंजियांचं 'ब्लिट्झ' साप्ताहिक पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांना खपवत होतं. ज्युरीने ८-१ ने 'दोषी नाही' म्हटलं. न्यायाधीश रतिलाल मेहता यांना ते पटलं नाही, त्यांनी प्रकरण हायकोर्टाकडे पाठवलं. तेव्हाच्या कायद्यात तशी सोय होती. हायकोर्टाने जन्मठेप दिली, सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये ती कायम केली आणि १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली.

पण ज्युरी बंद करा ही शिफारस विधी आयोगाने मोतीलाल सेटलवाडांच्या अध्यक्षतेखाली १९५८ मध्येच, म्हणजे गोळ्या झाडल्या जाण्याच्या आदल्या वर्षीच केली होती. नानावटीने त्या शिफारशीला चेहरा दिला, इतकंच. देशात इतर ठिकाणी ज्युरीचे खटले त्यानंतरही चालले. पूर्ण पडदा पडला तो १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने, जी १९७४ मध्ये लागू झाली. त्यामुळे 'देशातला शेवटचा ज्युरी खटला' हे बिरुद नानावटीला लावणं चूक आहे. सांगून सांगून लोक थकले, पण गोष्ट इतकी छान आहे की खरं कोणी ऐकत नाही.

म्हणजे आज भारतात ज्युरी कुठेच नाही?

एका प्रकारच्या खटल्यांत आहे, आणि ते मुंबईतही चालतात. १९३६ च्या पारशी विवाह आणि घटस्फोट कायद्यानुसार पारशी दाम्पत्यांचे खटले खास न्यायालयात चालतात आणि न्यायाधीशांबरोबर समाजातले पाच प्रतिनिधी बसतात. पूर्वी सात असायचे. हे प्रतिनिधी राज्य सरकार नेमतं आणि गंमत म्हणजे प्रत्येक पक्षाला त्यातले दोन जण कारण न सांगता नाकारता येतात. बुलचा सगळा धंदा ज्या एका हक्कावर उभा आहे तो, छोट्या आकारात का होईना, इथे जिवंत आहे.

२०११ च्या जनगणनेत देशभरात पारशी होते ५७,२६४. तेव्हा प्रतिनिधींची माहिती काढायला केबलची गरज पडू नये. कोणाची मावशी कुठल्या 'बागेत' (म्हणजे पारशी वसाहतीत) राहते आणि कोणाचं कोणाशी का बिनसलंय, हे अशिलाला आधीच ठाऊक असण्याची शक्यता दांडगी.